घडीच्या पोस्टरला इस्त्री करू का?

मागच्या अंकातल्या लेखात मी एक वाक्य सहज लिहून गेले होते: ‘चित्रपटाचं पोस्टर हे मुळात फाडून टाकण्यासाठीच छापलेलं असतं.’ त्यावर ढीगभर पत्रं आली. काहींना ते वाक्य लागलं, काहींनी माळ्यावरची ट्रंक उघडली, आणि एका आजोबांनी सरळच विचारलं, ‘मग तुम्ही आयुष्यभर काय केलंत?’ त्यांना उत्तर देते, पण रांगेने. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की मी सव्वीस वर्षं कलासल्लागार आहे. लोकांना चित्रं घ्यायला मदत करते, आणि त्याहून जास्त वेळा न घ्यायला. स्वतःसाठी मात्र फक्त जुनी पोस्टरं जमवते. पत्रं थोडी कापली आहेत. नाव छापू नका असं बहुतेकांनी कळवलं होतं, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

‘ताई, आजोबांच्या पेटीत एक पोस्टर सापडलं. घड्या घातलेल्या, कडा फाटलेल्या, मागून कुणीतरी सेलोटेप लावलाय, तो पिवळा पडलाय. इस्त्री फिरवून लॅमिनेट करावं म्हणते. फ्रेमवाला म्हणतो, हार्डबोर्डवर चिकटवून देतो, एकदम ताठ बसेल. काय करू?’

आधी इस्त्रीचं बटण बंद करा, मग पुढचं वाचा.

घड्यांची लाज वाटून घेऊ नका. अमेरिकेत तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक पोस्टरं घडी घालूनच चित्रपटगृहांकडे जायची. टपालाला सोपं, गठ्ठ्यात मावणारं. त्या काळातल्या पोस्टरला घडी असणं ही त्याची जन्मखूण आहे. उलट ती नसली की मी भुवया उंचावते. इस्त्रीने घडी जात नाही, तिथली शाई मात्र जाते, कारण कागदाचे तंतू घडीवर आधीच तुटलेले असतात आणि शाई कशीबशी त्यांना धरून बसलेली असते.

लॅमिनेशन म्हणजे उष्णतेने वितळणारा गोंद आणि त्यावर प्लास्टिक. हे लग्न मोडता येत नाही. हार्डबोर्डचंही तसंच. शिवाय हार्डबोर्ड स्वतःच आम्लधर्मी. पोस्टरचा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन नावाचं लाकडातलंच द्रव्य असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, कागद आंबट होतो, ठिसूळ होतो. अशा कागदाला आणखी आंबट शेजार देऊन काय मिळणार?

आता सेलोटेप. माझं सगळ्यात मोठं शत्रुत्व याच वस्तूशी आहे, आणि त्याला कारण आहे. मी चोवीस वर्षांची असताना पहिलं पोस्टर विकत घेतलं, तेही महिन्याचा निम्मा पगार घालून. मागे टेप होता. संध्याकाळी दिवा लावून, नखाने, अगदी हळूच, तो सोडवायला बसले. टेप सुटला आणि त्याच्याबरोबर नायिकेच्या गालाचा रुपयाएवढा तुकडा निघून आला. टेपला चिकटलेला तो गाल मी अजून एका पाकिटात ठेवला आहे. नवशिक्या सहकाऱ्यांना पहिल्या दिवशी दाखवते. टेपचं काय होतं, की आधी त्याची पट्टी सुटते आणि डिंक मागे राहतो. तो डिंक कागदात झिरपून समोरच्या बाजूने तेलकट, तपकिरी डाग बनून उगवतो. पट्टी अजून चिकटलेली असेल तर हात लावू नका. ती काढायला योग्य द्रावक आणि सवयीचा हात लागतो.

कागद-संवर्धन करणाऱ्या माणसाकडे जा. तो काय करील ते सांगते, म्हणजे कुणी भलतंच केलं तर ओळखता येईल. आधी मऊ कुंचल्याने कोरडी धूळ काढील. मग प्रत्येक रंगावर कोपऱ्यात पाण्याचा थेंब ठेवून टिपकागदाने टिपून बघील, शाई सुटते का ते. सुटत नसेल तर कागद धुता येतो. हो, पाण्यात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. पाणी चहासारखं होतं आणि कागद उजळतो. मग मागून आम्लरहित पातळ कागद, त्यामागे ताणलेलं कापड, आणि हे सगळं गव्हाच्या खळीने. याला ‘लिनन बॅकिंग’ म्हणतात, पण लिनन क्वचितच असतं, बहुतेकदा सुती कॅनव्हास असतो. खळच का? ती पाण्याने परत सोडवता येते. पन्नास वर्षांनी कुणाला आजचं काम चुकीचं वाटलं तर त्याला ते उलटवता आलं पाहिजे. संवर्धकाची परीक्षा मी या एका प्रश्नावर घेते: ‘हे परत काढता येईल का?’ उत्तर द्यायला तो अडखळला तर पोस्टर गुंडाळून निघायचं.

फाटलेल्या जागी किती रंग भरायचा, यावर भांडणं होतात. माझं मत सांगते: भोक बुजवा, त्यावर साधा एकसारखा रंग द्या, पण हरवलेला डोळा किंवा अक्षर कल्पनेने नव्याने काढू नका. आणि जे केलं असेल ते लिहून ठेवा. उद्या विकाल तेव्हा घेणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

तोवर पोस्टर आहे तसं, सपाट, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पीव्हीसीच्या पिशवीत नको, तिला वास येतो आणि तो वासच कागद खातो. आणि कसर! खळ आणि कागद हे कसरीचं पंचपक्वान्न आहे. पाकीट जमिनीवर, अंधाऱ्या ओलसर कोपऱ्यात ठेवू नका. फ्रेम केलीत तर काच कागदाला टेकू देऊ नका, आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नका. संग्रहालयं अशा कागदावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. म्हणजे तुम्हाला वाचायला डोळे बारीक करावे लागतील, इतकाच.

‘ऑनलाइन “व्हर्टिगो”चं मूळ पोस्टर घेतलं. २४ बाय ३६ इंच, कागद चकचकीत, एकही घडी नाही. विकणारा म्हणतो, वापरलंच गेलं नव्हतं म्हणून इतकं कोरं आहे. मित्र शंका घेतायत.’

मित्र चांगले आहेत तुमचे. पैसे आजच परत मागा.

हिचकॉकच्या १९५८ च्या या चित्रपटाचं सॉल बास या आरेखनकाराने केलेलं अमेरिकन पोस्टर, ज्याला ‘वन-शीट’ म्हणतात, ते २७ बाय ४१ इंच होतं. २४ बाय ३६ हा भिंत सजवायला छापतात त्या नकलांचा आकार आहे. टेप-माप ही माझ्या पिशवीतली पहिली वस्तू आणि फसवणुकीची निम्मी प्रकरणं तिच्यावरच संपतात. ब्रिटिश ‘क्वाड’ ३० बाय ४० इंच आणि आडवं. जपानी ‘बी-टू’ साधारण २० बाय २९. फ्रेंच ‘ग्रांद’ १२० बाय १६० सेंटिमीटर, दाराएवढं. प्रत्येक देशाचे आकार ठरलेले. इंचभर कमी असेल तर एक तर कडा कापल्यात किंवा ते पोस्टर नव्हेच.

दुसरी वस्तू दहापट मोठं दाखवणारं भिंग. १९२० च्या दशकातलं शिळाछाप पोस्टर भिंगातून पाहिलं तर रंग वाळूसारखे, विस्कटलेल्या कणांचे दिसतात, कारण दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर हाताने काढलेल्या चित्रावरून तो छाप घेतलेला असतो. त्याच पोस्टरची अलीकडची नक्कल पाहाल तर रांगेत उभे राहिलेले ठिपके दिसतील. ठिपके दिसले की नकली, असं मात्र समजू नका. तुमचं १९५८ चं मूळ पोस्टरही ऑफसेटवरच, म्हणजे फोटोवरून केलेल्या पत्र्यांनी यंत्रावर, छापलेलं होतं, त्यातही छायाचित्राच्या जागी ठिपके असायचेच. तिथे बारीक अक्षरं बघायची. तळाशी मुद्रकाचं नाव, हक्काची ओळ. मूळ छपाईत ती अक्षरं भरीव, काठ स्पष्ट. पोस्टरचा फोटो काढून छापलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांनी बनलेली असतात, काठ भुसभुशीत.

अमेरिकन पोस्टरांना आणखी एक सोय आहे. १९४० पासून पुढची चाळीसेक वर्षं बहुतेक स्टुडिओंची पोस्टरं नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाची कंपनी वाटायची. खाली उजव्या कोपऱ्यात ती क्रमांक टाकायची, तिरप्या रेघेच्या आधी वर्ष. ५८ म्हणजे १९५८. त्या आकड्याच्या आधी इंग्रजी ‘आर’ असेल तर चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हाची छपाई. तीही खरी, पण पहिली नव्हे आणि तेवढ्या किमतीचीही नव्हे. आपल्याकडच्या पोस्टरांवर असा क्रमांक नाही. तिथे छापखान्याचं नाव, कागदाची जाडी, मागच्या बाजूचा रंग, हातात धरल्यावर येणारा आवाज, यांवरच काम चालतं. आवाज हे गमतीने म्हणत नाही. जुना कागद हलवला तर कोरडा करकरतो. नवा फडफडतो.

नकला करणारेही भिंग वापरतात, हे लक्षात असू द्या. अमेरिकेत जुन्या भयपटांच्या बनावट पोस्टरांचं प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा त्यात मुरलेले संग्राहकही फसलेले होते. म्हणून मोठी खरेदी एकट्याच्या डोळ्यावर करू नका. मीही करत नाही.

‘ताई, कलेतिहासात एम. ए. झाले. कलासल्लागार व्हायचंय म्हटलं तर आई म्हणते, “दुसऱ्याच्या पैशाने तिसऱ्याची चित्रं घ्यायची, ही काय नोकरी?” तुम्ही दिवसभर नेमकं करता काय? सुरुवात कुठून करू?’

तुझ्या आईची व्याख्या माझ्या ओळखपत्रावर छापावी इतकी चांगली आहे. तिला माझा नमस्कार सांग.

दिवसभर मी वाचते. लिलावाच्या याद्या, जुन्या लिलावांचे निकाल, एखाद्या वस्तूच्या मालकीचे कागद. कुणी कुणाला कधी विकलं, मधली वीस वर्षं ती कुठे होती, वारसांमध्ये वाद आहे का. मग ती वस्तू बघायला जाते, आणि बघायला म्हणजे समोरून कमी, मागून जास्त. फ्रेममधून काढून दाखवायला नकार देणाऱ्याकडून मी काही घेत नाही. मग ग्राहकाला पत्र लिहिते, बहुधा ‘नको’ असं. नंतर विमा, वाहतूक, सीमाशुल्क, भिंतीवर खिळा किती उंचीवर. चित्रांबद्दल उंची गप्पा मारायला आठवड्यातून तासभर मिळाला तर मिळाला.

सुरुवात? मी एका लिलावगृहाच्या तळघरातून केली. त्या कामाला ‘कंडिशन रिपोर्ट’ म्हणतात. समोर कागदी वस्तूंचा गठ्ठा, हातात पेन्सिल (शाईचं पेन आत न्यायला बंदी) आणि दिवसाला चाळीस नोंदी. ‘चारही कोपऱ्यांत टाचणीची छिद्रं, डावीकडे तीन सेंटिमीटर फाटलेलं, मध्यघडीवर रंग गेलेला, मागे पेन्सिलीने आकडे.’ वर्षभर हेच. रोज संध्याकाळी रडू यायचं, कारण मी सौंदर्यशास्त्र शिकून आले होते आणि इथे टाचण्यांची छिद्रं मोजत होते. आज मला जे काही येतं त्यातलं बहुतेक त्या छिद्रांमधून आलेलं आहे. कुठली झीज खरी आणि कुठली मुद्दाम केलेली, हे हजारो कागद हातात घेतल्याशिवाय बोटांना कळत नाही. घासून जुना केलेला कागद सगळीकडे सारखा झिजलेला असतो. खरा कागद जिथे हात लागला तिथेच झिजतो.

तेव्हा पदवी झाली असेल तर आता जिथे वस्तू हाताळायला मिळतील तिथे जा. लिलावगृह, संग्रहालयाचं नोंदणी खातं, संवर्धकाची कार्यशाळा, फार काय फ्रेमवाल्याचं दुकानसुद्धा. कायद्याचं थोडं वाच. पोस्टर विकत घेतलं म्हणजे ते छापायचे हक्क मिळत नाहीत, हे माझ्या निम्म्या ग्राहकांना मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. एकाने तर त्याच्या पोस्टरचे चहाचे कप करून पाहुण्यांना वाटायचं ठरवलं होतं.

पैशाबद्दल तू विचारलं नाहीस, पण आईने विचारलं असणार. मेहनताना तीन तऱ्हांनी मिळतो: तासावर, वर्षाची ठरीव रक्कम, किंवा खरेदीच्या टक्केवारीत. टक्केवारी सर्रास चालते आणि मला ती पटत नाही. वस्तू महाग घेतली तर माझा फायदा, मग मी घासाघीस कशाला करू? मी ठरीव रक्कम घेते. त्यामुळे दोनदा मोठी गिऱ्हाइकं गेली, कारण टक्केवारीवाला सुरुवातीला स्वस्त दिसतो. आणि विकणाऱ्याकडून गुपचूप काही घ्यायचं नाही, मग ती दिवाळीची मिठाई का असेना, घेतलीच तर ग्राहकाला सांगून. पहिली काही वर्षं याच्या जोडीला दुसरं काम ठेव. मी ठेवलं होतं, भाषांतराचं.

‘माझ्याकडच्या पोस्टरची दहा वर्षांनी किती किंमत होईल?’

माहीत नाही, आणि माहीत आहे असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

हिशेब मात्र माहीत आहे, तो घ्या. लिलावात हातोडा १०० वर पडला, तर तुम्ही १०० देत नाही. वर खरेदीदाराचं शुल्क असतं, ते बऱ्याच ठिकाणी २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे १२५, आणि कर, वाहतूक वेगळी. दुसऱ्या दिवशी तेच पोस्टर पुन्हा १०० वर विकलं गेलं आणि लिलावगृहाने १० टक्के कापले, तर तुमच्या हातात ९०. वस्तूला ओरखडाही न पडता ३५ गेले. ‘गुंतवणूक’ हा शब्द उच्चारण्याआधी हे आकडे कागदावर मांडून बघा.

‘ड्रॅक्युला’चं १९३१ चं पोस्टर २०१७ मध्ये सव्वापाच लाख डॉलरला गेलं, ही बातमी मलाही दर महिन्याला कुणीतरी पाठवतं. लॉटरी लागलेल्याचाच फोटो पेपरात येतो.

‘मुलाने पोलंडहून एका हॉलिवूडपटाचं पोस्टर आणलं. त्यावर ना नट, ना नटी. नुसतं विचित्र चित्र. दिवाणखान्यात लावलंय, पाहुणे विचारतात हे काय. खरंच याला किंमत असते?’

पाहुण्यांना विचारू द्या. पोस्टरचं कामच आहे ते, रस्त्यावरच्या माणसाला थांबवून ‘हे काय’ म्हणायला लावणं.

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये चित्रपटाचं वितरण सरकारच्या हातात होतं. तिकीट खपवायची घाई नव्हती, स्टुडिओचा माणूस ‘नटीचा चेहरा मोठा करा’ म्हणायला डोक्यावर उभा नव्हता. हेन्रिक तोमाशेव्स्कीसारख्या चित्रकाराला पोस्टरचं काम सांगितलं गेलं तेव्हा त्याने आपल्याला हवं तसं काढायची मोकळीक मागून घेतली आणि ती मिळाली. १९४८ साली व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय पोस्टर प्रदर्शनात त्याला एकट्याला पाच प्रथम पारितोषिकं मिळाली. मग यान लेनित्सा, व्हाल्देमार श्वियेझी, व्हिक्तोर गुर्का अशी एक फळीच उभी राहिली. चित्रपट पाहून चित्रकाराच्या मनात जे उरलं ते कागदावर यायचं. गंमत अशी, की विचारांवर पहारा असलेल्या देशात भिंतींवर इतकं मोकळं काम लागत होतं. पहारेकऱ्याला रूपकं वाचायचा कंटाळा असावा.

त्याआधी १९२० च्या दशकात मॉस्कोत स्टेनबर्ग बंधू, व्लादिमीर आणि गिओर्गी, यांनी असाच धुमाकूळ घातला होता. त्यांनी स्वतः एक प्रक्षेपक यंत्र बनवलं होतं, त्याने चित्रपटाची चौकट कागदावर हवी तेवढी मोठी आणि वाकडी पाडून ते वरून रेखाटायचे. म्हणून त्यांच्या पोस्टरातल्या इमारती कोसळताना आणि माणसं गरगरताना दिसतात. गिओर्गी १९३३ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि ती जोडी संपली. ही पोस्टरं काही आठवडे भिंतीवर राहायची, वर दुसरी डकवली जायची. आज एखादं पाहायला मिळालं तर मी आवाज न करता उभी राहते.

आपल्याकडे बाबुराव पेंटरांनी १९२४ मध्ये ‘कल्याण खजिना’साठी रंगवलेलं पोस्टर भारतातल्या सगळ्यात जुन्या चित्ररूप पोस्टरांत धरलं जातं. चित्रकार, मूर्तिकार, यंत्र जुळवणारा आणि दिग्दर्शक, सगळं एकच माणूस. अशा माणसाने पोस्टर दुसऱ्याला काढायला दिलं असतं तरच नवल.

तुमच्या पोस्टरच्या कोपऱ्यात सही शोधा. नाव कळवा. आणि ते दिवाणखान्यातच राहू द्या.

‘फाडून टाकण्यासाठी छापलेल्या कागदांत आयुष्य घालवलंत. मग तुम्ही आयुष्यभर काय केलंत?’

आजोबा, तुमच्या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागली नाही, तेव्हा उत्तर जरा नेटाने देते.

१९२७ सालचा एक भयपट आहे, ‘लंडन आफ्टर मिडनाइट’. लॉन चॅनी त्याचा नायक. त्याची शेवटची ज्ञात प्रत स्टुडिओच्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाली. आज तो चित्रपट कुणालाच पाहता येत नाही. फोटो आहेत, कथा लिहिलेली आहे. आणि त्याच्या वन-शीटची एकच ज्ञात प्रत आहे, ती २०१४ मध्ये लिलावात आली. ज्याची जाहिरात करायची तो चित्रपट राहिला नाही, जाहिरात राहिली. मूकपटांपैकी बहुतेकांचं असंच झालं. नायट्रेटची फिल्म जळायची, सडायची, तिच्यातली चांदी काढायला वितळवली जायची. कागद कुठेतरी भिंतीच्या पोकळीत, गालिच्याखाली, फ्रेमच्या मागे आधार म्हणून टिकून राहिला.

मी तो कागद शोधत हिंडले. एवढंच केलं. मला एकदा वन-शीटचा गठ्ठा मिळाला तो एका घराच्या छतात, थंडी अडवायला कोंबलेला. उंदरांनी मधला भाग खाल्ला होता. त्यातली चार पोस्टरं वाचली, आणि त्यांपैकी एकाच्या मागे कुणीतरी पेन्सिलीने खेळांच्या वेळा आणि किती लोक आले ते लिहिलं होतं. शनिवारी २१२, सोमवारी ९. ते पोस्टर मी उलटं फ्रेम केलं आहे. चित्र भिंतीकडे, आकडे माझ्याकडे.

‘तुम्ही स्वतः संग्राहक आहात आणि सल्लाही देता. चांगली वस्तू दिसली तर आधी स्वतःलाच घेत असणार. खरं सांगा.’

हा प्रश्न मला ग्राहकांनी विचारायला हवा, पण ते भिडेखातर विचारत नाहीत. तुम्ही विचारलात, बरं झालं.

या धंद्यात कुणी परवाना तपासत नाही. उद्या तुम्हीही पाटी लावू शकता. न्यूयॉर्कमधल्या एका नावाजलेल्या सल्लागाराने २०२४ मध्ये ग्राहकांना साठ लाख डॉलरहून जास्त रकमेला फसवल्याची कबुली दिली. ग्राहकांचे पैसे आणि वस्तू दोन्ही सल्लागाराच्या हातांतून पुढे जातात, म्हणून सगळा व्यवहार विश्वासावर, आणि विश्वास म्हणजे लिहून न घेणं असा लोकांचा समज. अमेरिकेत १९८० पासून सल्लागारांची एक व्यावसायिक संघटना आहे, तिचे सदस्य विक्रीसाठी स्वतःचा साठा ठेवत नाहीत. माझा नियम त्याच जातीचा: मी ग्राहकाला माझ्याजवळचं काही विकत नाही, ग्राहकाकडचं काही स्वतःसाठी घेत नाही. आणि करारासोबत मी स्वतः काय शोधते त्याची यादी जोडते. त्यातलं काही ग्राहकालाही हवं असेल तर पहिला हक्क त्याचा.

हे लिहायला सोपं होतं. मग एक दिवस रात्री साडेदहाला एका विक्रेत्याचा फोन आला. मी अकरा वर्षं शोधत असलेलं पोस्टर त्याच्याकडे आलं होतं. कोणत्या चित्रपटाचं ते सांगणार नाही, कारण दुसरी प्रत अजून शोधते आहे आणि भाव वाढवून घ्यायची हौस नाही. तो म्हणाला, ‘बाई, फक्त तुमच्यासाठी ठेवलंय, सकाळपर्यंत.’ फोन ठेवला आणि आठवलं, की एका निवृत्त शल्यविशारदांच्या यादीत तेच पोस्टर तिसऱ्या ओळीवर आहे. त्यांनी तो चित्रपट बायकोबरोबर पाहिला होता, लग्नाआधी. त्या आता नाहीत.

मी काही संत नाही. त्या रात्री करार काढून त्यात पळवाट शोधली. ‘पोस्टर’ म्हणजे फक्त वन-शीट, आणि हे तर मोठ्या आकाराचं आहे, इथवर मजल गेली. पहाटे उठून चहा केला आणि सात वाजता डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी किंमत विचारली, मी सांगितली, वाजवी आहे असंही सांगितलं. मनातल्या मनात ‘फार महाग आहे’ म्हणावं असं फार वाटत होतं. ते म्हणाले, ‘घेऊन टाका.’

पोस्टर त्यांनी बैठकीच्या खोलीबाहेरच्या बोळात लावलं, नेमकं पश्चिमेच्या खिडकीसमोर. काच अतिनील किरण अडवणारी आहे, ती मीच बसवून घेतली, तरी चारनंतरचं ऊन थेट लाल रंगावर पडतं, आणि लाल रंग सगळ्यात आधी उडतो. मी जाते तेव्हा पहिल्यांदा खिडकीचा पडदा ओढते. डॉक्टर म्हणतात, ‘हो हो, आम्ही रोज ओढतो.’ परवा निघताना फाटकापाशी वळून पाहिलं, तर पडदा उघडाच होता आणि ते बोळात खुर्ची टाकून बसले होते.